‘हे नैसर्गिकच आहे’ असे कोणी म्हटले तर ते विधान कसे तपासावे

बडोद्यात श्रावणाच्या सुमारास विश्वामित्री नदीचे पाणी चढू लागले की ‘निसर्गापुढे कोणाचे चालते?’ हा उद्गार घरोघरी निघतो. त्याच घरांत, त्याच आठवड्यात, धाकट्या मुलाविषयी ‘त्याचा पिंडच तापट’, सुनेविषयी ‘बाईला हे उपजतच येते’ आणि दुकानातून आणलेल्या काढ्याविषयी ‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ असेही बोलले जाते. चारही वेळा साक्ष निसर्गाची काढलेली असते, परंतु प्रत्येक वेळी निसर्ग म्हणजे काहीतरी निराळे असते : पहिल्या वाक्यात माणसाबाहेरची सृष्टी, दुसऱ्यात एका व्यक्तीची जडणघडण, तिसऱ्यात समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वहिवाट आणि चौथ्यात भलेपणाची हमी. हा फरक केवळ पंडितांच्या कामाचा असता तर त्यासाठी एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. मुलाला कोणत्या शाखेत घालावे, घरासाठी नोकरी कोणी सोडावी, नदीचा काठ दगडांनी बांधावा की तसाच राहू द्यावा, दुखणे अंगावर किती दिवस काढावे, असे निर्णय या एका शब्दाच्या भरवशावर घेतले जातात, आणि त्यांचे परिणाम तो शब्द उच्चारणाऱ्याला क्वचितच भोगावे लागतात.

पुढे दिलेली पद्धत एकट्याने वहीत वापरता येते. वाचकमंडळात, शाळेच्या वरच्या वर्गात किंवा सोसायटीच्या सभेत चार जणांनी मिळून वापरली तर अधिक फळते. तिचा सारा भर एका नियमावर आहे : निसर्गाच्या एका अर्थासाठी मिळालेला पुरावा दुसऱ्या अर्थाच्या खात्यात जमा करू नये.

विधान पूर्ण लिहून घ्यावे

ज्या वाक्यात निसर्ग, प्रकृती, स्वभाव, उपजत, मुळातच यांपैकी एखादा शब्द आला असेल ते वाक्य जसेच्या तसे वहीत उतरवावे, आणि त्याखाली तीन गोष्टी लिहाव्यात : हे कोणाविषयी म्हटले आहे, कोणी म्हटले आहे आणि त्यावरून काय करावे असे सुचवले आहे. तिसरी गोष्ट बहुधा न बोललेली असते. ‘मगर हा हिंस्र प्राणी आहे’ एवढेच कोणी म्हणतो, पण ऐकणाऱ्याच्या मनात ‘म्हणून तिला शहरातून हलवावे’ हा उत्तरार्ध आपोआप उमटतो. ‘मुली स्वभावतः सोशिक असतात’ या वाक्याचा उत्तरार्ध तर सहसा एखाद्या विशिष्ट मुलीने काय सोसावे हे ठरवून टाकत असतो. ‘म्हणून’ पासून पुढचा भाग कागदावर आणल्याशिवाय तपासणी सुरूच होत नाही, कारण वाद पूर्वार्धावर घातला जातो आणि निर्णय मात्र उत्तरार्धाचा होतो.

शब्द बदलून वाचून पाहावे

आता त्या वाक्यातील ‘नैसर्गिक’ हा शब्द काढून त्या जागी पाळीपाळीने दुसरे शब्द घालावेत. ‘माणसाचा हात न लागलेले’, ‘जन्मापासून असलेले’, ‘बहुसंख्यांमध्ये आढळणारे’, ‘रूढ’ आणि ‘हितकर’ हे पाच पर्याय बहुतेक वेळा पुरतात. प्रत्येक पर्याय घालून वाक्य मोठ्याने वाचावे. काही पर्यायांनी ते सरळ खोटे ठरते, काहींनी खरे राहते पण अगदी सामान्य होते, आणि एखाद्याने ते बोलणाऱ्याच्या मनातले असते तसे होते. तो पर्याय निश्चित करून त्याच्याभोवती वर्तुळ काढावे. बोलणारी व्यक्ती समोर असेल तर तिलाच विचारावे. आपण अंदाजाने तिच्या तोंडी अर्थ घालणे न्यायाचे नाही.

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वचिंतकाचा निसर्गावरील निबंध त्याच्या मृत्यूनंतर १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एक भेद या कामी फार उपयोगी पडतो. निसर्ग म्हणजे जगात जे जे घडते ते सगळे, असा अर्थ घेतला तर धरण बांधणारा माणूसही निसर्गातच येतो आणि ‘निसर्गाप्रमाणे वागा’ या उपदेशाला काही अर्थच उरत नाही, कारण दुसऱ्या कोणत्याही प्रकारे वागणे शक्य नसते. निसर्ग म्हणजे माणसाच्या हस्तक्षेपाशिवाय घडणारे, असा अर्थ घेतला तर तोच उपदेश अविचाराचा ठरतो, कारण नांगरणी, घर, औषध, विहीर हे सारेच हस्तक्षेप आहेत. आपल्याकडे तर अर्थांचा पसारा याहून मोठा आहे. सांख्यांच्या मांडणीत बुद्धी आणि मनसुद्धा प्रकृतीतच मोडतात आणि तिच्यापासून वेगळा असतो तो केवळ चैतन्यरूप पुरुष; आयुर्वेदात प्रकृती म्हणजे वात, पित्त, कफ यांच्या प्रमाणावरून ठरणारी शरीराची घडण; आणि गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ‘प्रकृतिं यान्ति भूतानि निग्रहः किं करिष्यति’ असा प्रश्न येतो तेव्हा रोख जन्मजात प्रवृत्तीच्या बळाकडे आहे. ही वचने चर्चेत जरूर आणावीत, परंतु कोणता अर्थ घेतला आहे हे सांगूनच आणावीत.

माणसाच्या स्वभावाविषयीची विधाने

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपण इतक्या सहजतेने वापरतो की तिच्यात दोन वेगवेगळी विधाने आहेत हे ध्यानात येत नाही : एक, अमुक गोष्ट जन्मजात आहे, दोन, ती बदलता येत नाही. पहिले खरे असले तरी दुसरे त्यातून निघत नाही, आणि हे पटवण्यासाठी वैद्यकातील एक उदाहरण पुरेसे आहे. फेनिलकीटोन्युरिया हा आजार पूर्णपणे आनुवंशिक आहे. त्यात फेनिलअलॅनिन हे अमिनो आम्ल शरीराला पचवता येत नाही आणि उपचार न झाल्यास मुलाच्या मेंदूची वाढ गंभीररीत्या खुंटते. मात्र जन्मानंतर लगेच निदान करून ते आम्ल अत्यल्प असलेला आहार दिला तर तेच मूल जवळजवळ सर्वसामान्यपणे वाढते. कारण जन्मजात होते. उपाय ताटातला निघाला.

उंचीचेही तसेच आहे. एकाच समाजातील माणसांच्या उंचीत जो फरक दिसतो त्याचा मोठा भाग आनुवंशिकतेने स्पष्ट होतो. तरीही १८९६ मध्ये जन्मलेल्या आणि १९९६ मध्ये जन्मलेल्या दक्षिण कोरियन स्त्रियांच्या सरासरी उंचीत सुमारे २० सेंटीमीटरचे अंतर पडले. शंभर वर्षांत रक्त बदलत नाही. अन्न, पाणी आणि बालपणीचे आजार बदलतात.

म्हणून ‘आमचा मुलगा मुळातच गणितात कच्चा’ असे वाक्य वहीत आले असेल तर त्याखाली काही साधे प्रश्न लिहावेत. हे प्रथम कोणत्या इयत्तेत लक्षात आले? त्याआधी तो बरा होता का? त्या वर्षी शाळा, शिक्षक किंवा माध्यम बदलले होते का? बडोद्यातल्या मराठी घरांत हा माध्यमाचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि वर्गात इंग्रजी अशा तीन भाषांतून मूल वाढत असते आणि शब्दांत मांडलेली गणिते कोणत्या भाषेत अडतात हे कोणी पाहत नाही. डोळे तपासले आहेत का, हाही प्रश्न वगळू नये. मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला फळ्यावरचे तीन आणि आठ सारखेच दिसत असतील तर त्यात त्याच्या बुद्धीचा काय दोष? एवढ्या चौकशीनंतरही काही उरले तर ते स्वभावाच्या खात्यात टाकावे. क्रम उलटा करू नये, कारण मुलाच्या कानावर ‘मुळातच’ हा शब्द वारंवार पडला की पुढच्या प्रयत्नांची इच्छाच मरते.

समाजाच्या रीतीविषयीची विधाने

समाजाबद्दलच्या विधानांना इतिहासाची कसोटी लावावी. ही रीत केव्हापासून आहे, सगळीकडे आहे का, ती मोडणाऱ्याला काय शिक्षा होत असे, आणि तिचा लाभ कोणाला मिळत असे, हे विचारावे. यांतील शिक्षेचा प्रश्न सर्वांत बोलका आहे. जे खरोखरच उपजत असते ते घडवून आणण्यासाठी बहिष्कार, दंड आणि धाक यांची गरज पडत नाही. भूक लागावी म्हणून कोणी पंचायत बसवत नाही.

या कसोटीचे उदाहरण शोधायला बडोदेकरांना कमाटीबागेच्या पलीकडे जावे लागत नाही. बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेला गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये नोकरीसाठी या शहरात आले तेव्हा उच्च विद्याविभूषित असूनही त्यांना राहायला जागा मिळेना. नाव बदलून एका पारशी सराईत ते राहिले, ओळख उघड झाल्यावर तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले, आणि परतीच्या गाडीची वाट पाहत त्यांनी याच बागेत कित्येक तास काढले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. त्यांना दार बंद करणाऱ्यांपैकी अनेकांना जातीची उतरंड सृष्टिक्रमाइतकीच स्वाभाविक वाटत असणार. पण ती टिकवण्यासाठी लाठ्या घेऊन जमाव यावा लागला, हेच तिच्या स्वाभाविकतेविरुद्ध दिलेले प्रमाण आहे. त्याच संस्थानात सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, १९०६ मध्ये ते सर्व संस्थानात नेले, आणि १९०४ मध्ये बालविवाह प्रतिबंधाचा कायदा केला. मुलींना शिक्षण सोसत नाही किंवा त्यांचे लग्न लवकरच व्हावे असा सृष्टीचा संकेत असता तर एक-दोन पिढ्यांत चित्र इतके पालटले नसते. कायद्याच्या भाषेतही हा शब्द कसा वागतो ते पाहण्यासारखे आहे : १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ या शब्दप्रयोगावर उभे होते, आणि प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनाबाह्य ठरवले.

रूढी किती लवकर स्वाभाविक वाटू लागते हे पाहायचे असेल तर एकादशीला घरातील फराळाची कढई नीट पाहावी. साबुदाणा कसावाच्या कंदापासून होतो आणि कसावा दक्षिण अमेरिकेतला; शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरचीसुद्धा अमेरिका खंडांतून सोळाव्या शतकापासून पुढे आपल्याकडे आलेली. जिरे आणि तूप वगळले तर खिचडीतले बहुतेक जिन्नस आपल्या संतांच्या आरंभीच्या पिढ्यांनी पाहिलेही नव्हते. तरी उपवासाला हेच ‘चालते’ आणि गहू चालत नाही, यात कोणाला खटकत नाही. यावरून उपवास सोडावा असे मुळीच सुचवायचे नाही. रीत माणसांनी घातली आहे एवढे कळले की ती ठेवायची की बदलायची हे माणसांना ठरवता येते, आणि अनेक रीती ठेवण्यासारख्याच असतात. ज्या शहराच्या नावातच वड आहे तेथे ज्येष्ठ पौर्णिमेला वडाला सूत गुंडाळण्याची प्रथा ठेवण्यासारखीच आहे; फक्त बाजारातून तोडलेली फांदी आणून घरात पुजण्याऐवजी उभ्या झाडापाशी जावे, हे आपल्या आत्या-मावश्यांना आग्रहाने सांगावे.

नदीकाठी उभे राहून

पर्यावरणाविषयीच्या विधानांसाठी मात्र वही घेऊन बाहेर पडावे लागते. पुराचे उदाहरण घेऊ. ‘२०१९ आणि २०२४ चे पूर ही नैसर्गिक आपत्ती होती’ हे वाक्य घेतल्यास त्याचे तुकडे करावेत. ढगातून पाऊस किती आणि किती तासांत पडला हा एक तुकडा. तो पावागडाच्या डोंगरातून निघणाऱ्या विश्वामित्रीच्या खोऱ्यात कोठे पडला हा दुसरा. आजवा येथील सयाजी सरोवर १८९२ पासून या पाण्याच्या वाटेत आहे, त्यातून पाणी केव्हा आणि किती सोडले हा तिसरा. शहरातले जुने तलाव आणि नदीकाठची कोतरे, म्हणजे पावसाचे पाणी सामावून घेणाऱ्या घळी, कोठे कोठे भरून बांधकामाखाली गेल्या हा चौथा. पहिल्या तुकड्यावर शहराचा अधिकार चालत नाही. शेवटच्यावर पूर्णपणे चालतो. सगळे मिळून ‘निसर्गाचा कोप’ म्हटले की पहिल्या तुकड्याची असहायता शेवटच्या तुकड्यालाही लागू होते आणि कोणाला काही विचारण्याची सोयच राहत नाही. जुन्या रहिवाशांना विचारून आपल्या प्रभागातील बुजलेल्या तळ्यांची आणि ओहोळांची नावे नकाशावर लिहावीत. सोसायट्यांच्या आणि रस्त्यांच्या नावांतही ती पुष्कळदा दडलेली असतात.

मगरीबद्दलचे विधानही काठावर उभे राहिल्याशिवाय तपासता येत नाही. पुराच्या दिवसांत रस्त्यावर मगर दिसली की ‘मगर शहरात शिरली’ असे म्हटले जाते, वस्तुतः ती शहरातच राहत असते. नदीच्या शहरातून वाहणाऱ्या पट्ट्यात या मगरींची मोठी वस्ती आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांना संरक्षण आहे. हिवाळ्यात, सुरक्षित अंतरावरून, पुलावर उभे राहून पाहिले तर ऊन खात पडलेली मगर मातीच्या उतारावर दिसते, आणि जरा वर काठात अर्धवर्तुळाकार तोंडाची बिळे दिसतात. मादी फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान पाण्यापासून थोडे वर, मऊ मातीत खड्डा करून अंडी घालते, आणि पिल्लू नर होईल की मादी हे त्या खड्ड्यातील मातीच्या तापमानावर ठरते : ३१ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली बहुतेक माद्या, साडेबत्तीसच्या सुमारास बहुतांशी नर. म्हणजे ज्याला आपण प्राण्याची सर्वांत मूलभूत प्रकृती समजू ते लिंगसुद्धा येथे परिसराच्या हाती आहे. काठ काँक्रीटने किंवा दगडी पिचिंगने सरसकट बांधला तर नदी सुंदर दिसेल, पण ही माती राहणार नाही, हे सुशोभीकरणाच्या प्रत्येक चर्चेत स्पष्टपणे मांडले पाहिजे. राष्ट्रीय हरित लवादाने २०२१ मध्ये विश्वामित्रीच्या संरक्षणासाठी आदेश दिलेले आहेत. नागरिकांनी मागणी करताना त्यांचा आधार जरूर घ्यावा.

त्याच काठावर गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळही दिसेल. हिरवागार, कोणी न लावता वाढलेला, म्हणून तो रानाचा भाग वाटतो. पण हे झाड मूळचे अमेरिका खंडातले, भारतात एकोणिसाव्या शतकात आणलेले, आणि कच्छच्या बन्नीत १९६० च्या दशकात मुद्दाम लावल्यावर गवताळ प्रदेशावर पसरलेले. मग तो सरसकट तोडावा का? येथे घाई करू नये. उताराची माती त्याच्या मुळांनी धरली असेल आणि त्यात पक्ष्यांची घरटी असतील तर आधी देशी झाडे वाढवून मग टप्प्याटप्प्याने तो काढणे शहाणपणाचे. ‘परका म्हणून वाईट’ हा निष्कर्ष ‘हिरवा म्हणून चांगला’ याइतकाच उतावळा आहे.

नदीविषयी बोलताना माणसाची जागा कोठे धरायची याबाबत दोन सोयीस्कर टोके वारंवार भेटतात. एका टोकाला माणूस निसर्गाबाहेरचा उपद्रवी मानला जातो, आणि मग काठावरच्या झोपडीतील कुटुंबाला अतिक्रमण म्हणणे सोपे जाते, जरी त्याच पूरमैदानातल्या उंच इमारतीला कोणी तसे म्हणत नसले तरी. दुसऱ्या टोकाला ‘माणूसही निसर्गच’ म्हणून सांडपाण्यापासून भरावापर्यंत सगळ्यालाच माफी मिळते. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याची व्याख्या यापेक्षा समंजस आहे : पर्यावरणात पाणी, हवा आणि जमीन यांच्याबरोबरच त्यांचे आपसांतले तसेच माणसे, इतर प्राणी, वनस्पती, सूक्ष्मजीव आणि मालमत्ता यांच्याशी असलेले परस्परसंबंध येतात. म्हणून नोंद वस्तूंची न करता संबंधांची करावी. ‘काठावर कचरा आहे’ यापेक्षा ‘अमुक बाजाराचा कचरा अमुक नाल्यातून येथे येतो आणि त्याच्या वासाने कुत्री व मगरी येथे जमतात’ ही नोंद उपयोगाची.

वेष्टनावरचा शब्द

खाण्यापिण्याच्या वस्तूंबाबत फार खोलात जाण्याचे कारण नाही. गुजरात एरंडाच्या उत्पादनात देशात पहिला आहे. त्याचे तेल औषधी, आणि त्याच बीमधील रिसिन हे जगातील अत्यंत जहाल विषांपैकी एक. दोन्ही एकाच झाडाचे. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ च्या नियमांत ‘नैसर्गिक’ हा शब्द जाहिरातीत केव्हा वापरता येईल यावर अटी घातल्या आहेत, तेव्हा दर्शनी अक्षरे वाचून न थांबता मागची घटकांची यादी वाचावी. काढा घेत असाल तर डॉक्टरांना सांगावे, कारण चालू औषधांबरोबर काही वनस्पतींचा मेळ बसत नाही.

निर्णयाचे वाक्य

एवढी तपासणी झाल्यावर मूळ विधान पुन्हा लिहावे, आणि या वेळी त्यात निसर्ग हा शब्द किंवा त्याचा कोणताही भाऊबंद येऊ देऊ नये. ‘मुलगा मुळातच कच्चा’ याच्या जागी ‘सातवीत माध्यम बदलल्यापासून शाब्दिक उदाहरणे अडतात, सहा महिने ती मराठीत समजावून पाहावे’ असे काही येईल. ‘पूर नैसर्गिक होता’ याच्या जागी ‘पाऊस असाधारण होता, आमच्या भागात पाणी अमुक बुजवलेल्या ओहोळामुळे अडले, तो मोकळा करावा’ असे येईल. शब्दाशिवाय वाक्य उभेच राहत नसेल तर त्यात त्या शब्दापलीकडे काही नव्हते असे समजावे.

ज्यांच्याविषयी विधान आहे त्यांना हे नवे वाक्य दाखवल्याशिवाय ते अंतिम करू नये. न्यायालये ज्याला नैसर्गिक न्याय म्हणतात त्यातले एक प्रमुख तत्त्व दुसरी बाजू ऐकणे हे आहे, आणि ते घरातही लागू आहे : मुलाविषयीचे वाक्य मुलाने वाचावे, सुनेविषयीचे सुनेने, वस्तीविषयीचे वस्तीतल्या लोकांनी. आजी-आजोबांशी बोलताना त्यांना खोडून काढण्याच्या आविर्भावात वही उघडू नये. ‘तुमच्या वेळी हे असेच होते का?’ एवढे आदराने विचारले की तेच आपल्या तोंडाने बदलांची यादी सांगू लागतात, आणि ती यादी बहुधा तपासणीतला सर्वांत भक्कम पुरावा ठरते. ज्या विधानाचा निकाल लागत नाही त्यापुढे ‘अनिर्णित’ असे लिहून तारीख घालावी, आणि नदीच्या बाबतीत पुढच्या पावसाळ्यानंतर, मुलाच्या बाबतीत पुढच्या सत्रानंतर, ते पान पुन्हा काढावे.